दोन गाण्यांच्या मधला आवाज : चाकोरीबाहेरचा रेडिओ निवेदक कसा शोधावा आणि कसा जपून ठेवावा

माझ्याकडे रेडिओवरून भरलेल्या एक्केचाळीस जुन्या कॅसेटी आहेत आणि त्यांपैकी एकीवरही निवेदकाचा आवाज नाही. निवेदक बोलू लागला की पॉजचे बटण दाबायचे आणि गाणे सुरू होताच ते सोडायचे, ही कला आमच्या वयाच्या बहुतेक मुलांनी त्या काळी साधली होती आणि तिचा आम्हांला अभिमानही होता. ती सर्व गाणी आज कोठेही, आणि माझ्या कॅसेटींपेक्षा कितीतरी स्वच्छ, मिळतात. ज्या माणसाच्या बोलण्यासाठी मी रात्री रेडिओ उशाशी घेऊन बसत असे, त्याचा आवाज मात्र आता कोठेच मिळत नाही. एका कॅसेटवर एका गाण्याच्या शेवटी, माझे बोट किंचित उशिरा पडल्यामुळे, ‘आणि आता’ एवढे दोन शब्द राहून गेले आहेत. पुढे जे लिहिले आहे ते त्या चुकीतून शिकलेले आहे, आणि त्यातील बहुतेक सूचनांचा रोख एकच आहे : गाणे वाचले नाही तरी चालेल, बोलणे वाचले पाहिजे.

कोणाला शोधायचे

फोनवर लोकांची फिरकी घेणारा किंवा दर वाक्यानंतर हास्याची फीत वाजवणारा निवेदक येथे अभिप्रेत नाही, कारण ती आता स्वतःच एक चाकोरी झालेली आहे. आपल्याकडे खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली. मोठ्या शहरांतील अशा केंद्रांवर कोणते गाणे केव्हा लागणार हे बहुधा संगणकावर आधीच ठरलेले असते आणि निवेदकाच्या वाट्याला दोन गाण्यांमधली थोडी सेकंदे तेवढी येतात. त्या सेकंदांत जो काही गडबड करू शकतो, किंवा ज्याला ती सेकंदे कोणी मोजून दिलेलीच नाहीत, असा माणूस आपल्याला हवा आहे.

माझी कसोटी अशी आहे. एकच कार्यक्रम तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकावा आणि ऐकताना गाणी मनातून वगळावीत. उरलेल्या बोलण्यासाठी चौथ्या दिवशीही रेडिओ लावावासा वाटला, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. त्याच खुर्चीवर दुसऱ्या कोणालाही बसवले असते तरी हेच बोलला असता असे वाटले, तर आवाज कितीही गोड असला तरी तो शोध तेथेच सोडावा. आवाजाच्या गोडव्याने मी स्वतः दोनदा फसलो आहे.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यात एका लहान सामुदायिक केंद्रावर, म्हणजे स्थानिक संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या रेडिओ केंद्रावर, दुपारचा कार्यक्रम चालू होता आणि मी तो गाडीत ऐकत होतो. मार्चमधली अवकाळी सर आली. केंद्राच्या खोलीवर पत्रे असावेत, कारण गाण्याच्या मागे पावसाचा ताशा ऐकू येऊ लागला. निवेदिकेने माईक बंद न करता गाणेच हळूहळू खाली आणले, जवळजवळ मिनिटभर नुसता पत्र्यावरचा पाऊस प्रक्षेपित होऊ दिला, आणि मग ज्यांची ज्वारी खळ्यावर उघडी पडली आहे त्यांनी आधी ती झाकून यावी, गाणे कोठे पळून जात नाही, अशा अर्थाचे काहीतरी आपल्या गावाच्या बोलीत सांगितले. गाणे पुन्हा वर आले ते मधूनच, जेथपर्यंत ते आपोआप पोहोचले होते तेथून. प्रशिक्षित निवेदकाने यातली एकही गोष्ट केली नसती. मी ते ध्वनिमुद्रित केले नव्हते, आणि चार महिन्यांनी केंद्रात जाऊन विचारले तेव्हा त्यांच्याकडेही ते उरले नव्हते. याचे कारण पुढे येईल.

कोठे शोधायचे

असे आवाज बहुधा तेथे सापडतात जेथे वरिष्ठांचे लक्ष पोहोचत नाही. ब्रिटनमधील रेडिओ निवेदक जॉन पील यांची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९६७ साली एसेक्सच्या किनाऱ्याजवळ समुद्रात नांगरलेल्या एका जहाजावरून ‘रेडिओ लंडन’ हे विनापरवाना केंद्र चालत असे. मध्यरात्रीची पाळी पील यांच्याकडे होती, आणि त्या वेळी मालकांपैकी कोणीच ऐकत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी ठरलेली गाण्यांची यादी आणि जाहिराती बाजूला सारून मनाला येईल ते वाजवायला, श्रोत्यांची पत्रे वाचायला आणि संथ, काहीशा उदास सुरात गप्पा मारायला सुरुवात केली. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने ते केंद्र बंद पडले; त्यानंतर पील बीबीसीच्या ‘रेडिओ वन’वर आले आणि २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. चुकीच्या वेगाने तबकडी लावणे आणि ते शांतपणे कबूल करणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा जणू भागच झाला होता. बीबीसीने त्या दशकांतील त्यांचे बहुतेक कार्यक्रम जपून ठेवले नाहीत. आज त्यांतले जे ऐकायला मिळते त्याचा मोठा भाग सामान्य श्रोत्यांनी घरी भरलेल्या फितींवरून आलेला आहे, आणि जहाजावरच्या त्या मध्यरात्रीच्या कार्यक्रमांचेही तसेच आहे.

आपल्याकडचा अनुभवही फारसा वेगळा नाही. १९५२ मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतांवर बंधने आणली तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेल्या गीतमालेतून अमीन सायानी यांची बोलण्याची साधी, घरगुती हिंदुस्तानी पद्धत घराघरांत पोहोचली. ‘बहनों और भाइयों’ म्हणणारा तो आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित होत असे आणि फिती विमानाने कोलंबोला जात असत. विविध भारती सुरू झाली ती त्यानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. सीमेबाहेरच्या केंद्रावर जे चालले ते आतल्या केंद्रावर त्या वेळी चालले नसते.

आज तशी सीमा शोधायची असेल तर सामुदायिक रेडिओपासून सुरुवात करावी. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. त्यांची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत मर्यादित असते, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे सहसा जात नाही, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावेत अशी अट आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आणि बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ ही दोन्ही केंद्रे ९०.४ वर आहेत. तेलंगणात झहीराबादजवळ २००८ साली सुरू झालेले ‘संघम रेडिओ’ हे केंद्र दलित शेतकरी महिलांनी चालवलेले आहे. शहरातले व्यावसायिक केंद्र कंटाळा आणू लागले की काटा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे ९० ते ९१ आणि १०७ च्या आसपास, हळूहळू फिरवून पाहावा. गावोगावी प्रवास करणाऱ्याने हे दर मुक्कामी करावे, कारण ही केंद्रे बसने तास-दीड तास पुढे गेल्यावर ऐकूच येत नाहीत आणि दोन वेगळ्या गावांत एकाच आकड्यावर दोन निराळीच केंद्रे लागतात. म्हणूनच वहीत नुसते ‘९०.४’ लिहून ठेवण्याला काही अर्थ नाही. गावाचे नाव हवे.

वेळेबाबत एवढेच सांगतो की सकाळी सात ते दहा ही वेळ सर्वांत निरुपयोगी असते. तेव्हा सगळेच जण शहाण्यासारखे बोलतात. दुपारी दोन ते चार आणि रात्री दहानंतर ऐकावे. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या केंद्रांवर परीक्षेच्या दिवसांत आणि सुट्टीत, नेहमीची मंडळी नसताना, कोणातरी नवख्याच्या हाती माईक येतो आणि कधीकधी तो नवखाच खरा निघतो.

यंत्राने शोधण्यापेक्षा माणसांना विचारणे अधिक फळते. रात्रपाळीचे पहारेकरी, शिलाई यंत्रावर बसणारे कारागीर, केस कापणारे, रसवंतीवाले आणि लांब पल्ल्याचे चालक हे लोक तासन्‌तास रेडिओ ऐकतात आणि त्यांची मते पक्की असतात. ‘कोणते केंद्र ऐकता’ असे विचारल्यास आकडा मिळतो. ‘कोण लागले की आवाज मोठा करता’ असे विचारल्यास माणूस मिळतो.

आधी केंद्र नीट लावावे

ध्वनिमुद्रण बिघडते ते बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे तर कमजोर ग्रहणामुळे. १०० वॅटचे केंद्र गावाबाहेरून पकडायचे असेल तर रेडिओची दांडी पुरत नाही. साध्या दुपदरी वायरीचे दोन पदर टोकाकडून प्रत्येकी सुमारे ७५ सेंटीमीटर सोडवून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे दोन्हीकडे ताणून भिंतीला चिकटवले की पुरेसे चांगले एरियल तयार होते. ९०.४ साठी हे पदर थोडे लांब, ७९ सेंटीमीटरपर्यंत, आणि १०७ च्या आसपासच्या केंद्रासाठी ६६ सेंटीमीटरपर्यंत आखूड ठेवावेत. रेडिओला एरियलची खाच नसेल तर उभ्या दांडीलाच एका पदराचे टोक गुंडाळावे. वायर आडवी आणि उभी, दोन्ही प्रकारे लावून पाहावी आणि जेथे खरखर सर्वांत कमी होते तेथे खिळा ठोकावा. एफएममध्ये दोन केंद्रे जवळजवळ एकाच आकड्यावर असतील तर बलवान केंद्र दुबळ्याला जवळपास पूर्णच झाकून टाकते, त्यामुळे ‘थोडे थोडे ऐकू येते’ अशी अवस्था फार वेळ टिकत नाही. संच हातभर खिडकीकडे सरकवल्यानेही फरक पडतो. स्टीरिओ ग्रहणात खरखर वाढते, म्हणून केंद्र कमजोर असेल तर रेडिओ मोनोवर ठेवावा. बोलण्याचे त्यात काहीही नुकसान होत नाही.

मध्यम लहरींवरच्या केंद्रासाठी उपाय वेगळे आहेत. तेथे एरियल संचाच्या आतच, काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले असते आणि ते दिशा ओळखते, त्यामुळे संपूर्ण संच जागच्या जागी फिरवून पाहावा. घरातील एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि संगणक यांची घरघर याच पट्ट्यात सर्वांत जास्त येते. एकदा घरातला मुख्य खटका बंद करून संच बॅटरीवर लावावा. घरघर थांबली तर दोष आपल्याच घरात आहे आणि एकेक उपकरण चालू करत तो शोधता येतो. आमच्याकडे तो दोष देवघरातल्या दिव्याच्या माळेत निघाला, आणि त्यावरून घरात जी चर्चा झाली ती येथे देण्याचे कारण नाही.

ध्वनिमुद्रण

रेडिओच्या कर्ण्यासमोर मोबाइल धरून ध्वनिमुद्रण करू नये. त्यात पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारचे कुत्रे यांचेच आवाज ठळक येतात, शिवाय मोबाइल स्वतःच्या बुद्धीने पातळी वरखाली करतो आणि निवेदकाने मुद्दाम घेतलेला विराम खरखरीने भरून टाकतो. चाकोरीबाहेरच्या निवेदकाचा विराम हीच तर जपण्याची गोष्ट असते.

त्याऐवजी रेडिओच्या हेडफोनच्या खाचेतून ३.५ मिलिमीटरच्या पिनांची केबल काढून ती ध्वनिमुद्रकाच्या ‘लाइन-इन’मध्ये द्यावी. ‘माइक’ लिहिलेल्या खाचेत ती थेट देऊ नये; ती खाच फार नाजूक संकेतासाठी असते आणि आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबीवर चालणारे छोटे ध्वनिसंयोजक उपकरण (ऑडिओ इंटरफेस) घ्यावे आणि ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्यात ठरलेल्या वेळी आपोआप ध्वनिमुद्रण सुरू करण्याची सोय आहे. रेडिओचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवून ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. पातळी अशी लावावी की बोलणे साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास फिरेल आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ६ च्या फार वर जाणार नाही. कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

ज्यांना केबलींचा कंटाळा आहे त्यांनी मेमरी कार्डवर थेट ध्वनिमुद्रण करणारा लहान रेडिओ संच घ्यावा. तो बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि ग्रामीण भागात ही मोठीच सोय आहे. केंद्राचे प्रक्षेपण इंटरनेटवरही उपलब्ध असेल तर तेही समांतर भरून ठेवावे, पण त्यावरच विसंबू नये. इंटरनेटचा प्रवाह काही सेकंदे मागे चालतो, मध्येच तुटतो आणि आवाज दाबलेला असतो. माझ्या माहितीत एकाने वर्षभर केवळ इंटरनेटवरून ध्वनिमुद्रण केले आणि शेवटी त्याच्या हाती निम्म्या फायलींमध्ये शांतता आली.

स्वरूप निवडताना कंजुषी करू नये. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्या अशा ‘वेव्ह’ स्वरूपात एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. एका वाहिनीत याच्या निम्मे. ‘फ्लॅक’ स्वरूपात काहीही न गमावता ते आणखी बरेच कमी होते. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर काही येतच नाही, त्यामुळे याहून वरच्या दर्जाच्या मागे लागू नये. साधी वेव्ह फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे वरच्या हिशेबाने पावणेसात तासांनी ती संपते. रात्रभर यंत्र चालू ठेवणाऱ्याने तुकडे आपोआप पडतील अशी व्यवस्था आधीच पाहून ठेवावी.

ध्वनिमुद्रण कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी सुरू करावे आणि पाच मिनिटे नंतर थांबवावे. त्या कडेच्या मिनिटांत केंद्राची ओळख, वेळ, हवामान, स्थानिक दुकानाची जाहिरात, आधीच्या निवेदकाशी झालेली एखादी थट्टा असते आणि वीस वर्षांनी फाइलची तारीख खरी की खोटी हे त्यावरूनच ठरते. आणि पॉजचे बटण विसरून जावे.

कापाकापीचा प्रश्न

रेडिओचे हौशी संग्राहक अशा ध्वनिमुद्रणाला ‘एअरचेक’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात संपूर्ण कार्यक्रम गाण्यांसकट असतो. दुसऱ्यात प्रत्येक गाण्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग ठेवून मधले सर्व कापलेले असते, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमातून दहा-बारा मिनिटांचे बोलणे उरते. आम्ही लहानपणी जे केले त्याच्या हे नेमके उलट आहे. दुसऱ्याला ऐकवण्यासाठी हा कापलेला प्रकार उत्तम आहे, पण तो मूळ फाइलची नक्कल करून त्यातूनच काढावा. मूळ फाइलला हात लावू नये. याचे कारण असे की निवेदकाने कोणत्या गाण्यानंतर कोणते लावले, एखादे लांबलचक गाणे पूर्ण वाजू दिले की मध्येच तोडले, गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलत बोलत गायकाच्या पहिल्या शब्दाच्या नेमके अर्धा क्षण आधी तो कसा थांबला, हे सर्व त्याचेच बोलणे आहे. पावसाची ती निवेदिका गाणे मधूनच वर आणते, ही गोष्ट गाणे कापले तर समजणारच नाही.

खरखर काढून टाकणारी साधनेही मूळ फाइलवर चालवू नयेत. ती श्वासाला आणि ‘स’, ‘श’ यांना खरखर समजतात, आणि मग निवेदक पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

नोंदवही

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आधी लिहावी, मग गाव, मग आकडा, मग सुरू होण्याची वेळ. असे केल्याने सर्व फायली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘छान कार्यक्रम’, ‘नवीन’, ‘नवीन २’ अशी नावे देणाऱ्यास पुढे स्वतःचाच राग येतो. यासोबत एक कागदाची वही ठेवावी. तीत निवेदकाने स्वतःचे नाव जसे उच्चारले तसे लिहावे, कोणत्या मिनिटाला काय घडले त्याची एक ओळ लिहावी आणि ऐकू न आलेल्या जागी प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह ठेवावे. माझ्या वहीत ‘१४ वे मिनिट, हसून थांबला, कोणीतरी चहा आणला’ अशा नोंदी आहेत आणि सर्वांत उपयोगी त्याच ठरल्या आहेत. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात. त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेवावी.

केंद्रात जाणे

महिनाभर ऐकून झाल्यावर केंद्राला भेट द्यावी, आणि ती उशिरा देऊ नये. सामुदायिक केंद्रांनी प्रक्षेपित केलेले कार्यक्रम तीन महिने जतन करावेत असा नियम आहे. त्यानंतर ते ठेवण्याचे बंधन नाही, आणि साठवणुकीची जागा मर्यादित असल्याने जुने पुसून त्यावर नवे भरले जाते. मी चार महिन्यांनी गेलो होतो आणि पाऊस तीन महिने उलटल्यावर पुसला गेला होता. यात केंद्राची काही चूक नव्हती. तीन महिन्यांच्या आत लेखी विनंती केली, रिकामी पेनड्राइव्ह सोबत नेली आणि नेमकी तारीख व वेळ सांगितली, तर केंद्रातील मंडळी सहसा आनंदाने नक्कल देतात, आणि ती आपल्या घरच्या ध्वनिमुद्रणापेक्षा स्वच्छ असते. तरीही दोन्ही ठेवावीत. श्रोत्याला प्रत्यक्षात काय ऐकू येत होते ते आपल्या खरखरीच्या प्रतीतच असते.

निवेदकाची परवानगी असेल तर एक भाग त्याच्या शेजारी बसून ध्वनिमुद्रित करावा. लहान ध्वनिमुद्रक त्याच्या तोंडापासून हातभर दूर, थोडा बाजूला, कापडाच्या घडीवर ठेवावा, म्हणजे टेबलावरचे ठोके त्यात उतरत नाहीत. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी अर्धे मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता भरून घ्यावी. पुढे जोडकाम करताना ती लागते. गाणे चालू असताना माईक बंद असतो आणि तेव्हाच खरा माणूस दिसतो : तो पुढच्या गाण्याचा शोध घेतो, स्वतःशी पुटपुटतो, कोणाच्या तरी निरोपाची चिठ्ठी दोनदा वाचतो, मन बदलतो. हवेवर न गेलेला हा भाग हवेवर गेलेल्या भागाइतकाच मोलाचा आहे, परंतु तो खाजगी आहे, म्हणून त्यासाठी वेगळी आणि स्पष्ट संमती घ्यावी.

मुलाखत घ्यायची असल्यास ‘आपण या क्षेत्रात कसे आलात’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्याचे उत्तर त्याने शंभरदा दिलेले असते. त्याच्याच कार्यक्रमातील दोन मिनिटांचा तुकडा त्याला ऐकवावा आणि येथे आपण का थांबलात, असे विचारावे.

कायद्याची बाजू

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रक्षेपणावर प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा हक्क २५ वर्षे असतो, आणि त्यातील गाण्यांवरचे हक्क त्याहून निराळे व अधिक काळाचे असतात. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की घरी ध्वनिमुद्रण करून ठेवण्यास हरकत नाही, परंतु ते इंटरनेटवर चढवण्यापूर्वी केंद्राची आणि निवेदकाची लेखी परवानगी घ्यावी. गाणी कापलेली प्रत येथे पुन्हा उपयोगी पडते.

घरातल्या जुन्या कॅसेटी

आपल्या माळ्यावर किंवा एखाद्या मामा-काकांच्या कपाटात रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी असतील, तर नवीन शोधाइतकेच त्यांकडे लक्ष द्यावे, कारण सर्वांनीच माझ्याइतक्या चपळाईने पॉज दाबलेला नसतो. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. डेकचे, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचे, हेड (फीत ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून सैल करावी, आणि मगच ती वाजवावी. आवाज दबलेला वाटला तर हेडजवळचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवून, ‘स’चा उच्चार सर्वांत तीक्ष्ण होईल तेथे थांबावे, प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असल्याने ही जागा दर वेळी बदलते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटेच लागतात, यात घाई करण्याचा मार्ग नाही. गाण्यांच्या मधल्या तुटक जागा मोठ्या आवाजात ऐकाव्यात. मला ‘आणि आता’ तसेच सापडले.

निवेदकाला त्याची प्रत देणे हा या कामाचा भाग आहे. सोलापूरच्या त्या निवेदिकेचे पुढे मी सहा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि पेनड्राइव्ह घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्याकडे संगणक नव्हता. पेनड्राइव्ह चालणारा बाजारातला साधा स्पीकर आणल्यावर त्यांनी उंबऱ्यात बसून दहा-बारा मिनिटे स्वतःला ऐकले. पाऊस त्यांना आठवत नव्हता. एका जागी त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले, कारण शेजारच्या एका मुलाच्या नापास होण्याचा त्यांनी नाव घेऊन उल्लेख केला होता आणि तो मुलगा आता तालुक्याला नोकरीस होता. दुसऱ्यांना ऐकवायच्या प्रतीतून मी ती अकरा सेकंदे काढली, मूळ फाइल तशीच ठेवली आणि वहीत त्या तारखेपुढे ती कोणाच्या सांगण्यावरून काढली ते लिहून ठेवले.